शेकर गावाचे फोटो : हँकॉक आणि प्लेझंट हिल (उजेड, सरळ रेषा, सामान)

झरोका
हँकॉक शेकर व्हिलेजसाठी हा धागा. मॅसॅच्युसेट्समध्ये पिट्सफील्डजवळ, रूट २० वरच. ऑक्टोबरचा मध्य, एक पूर्ण दिवस. सामान: फुल फ्रेम बॉडी, २४-७० एफ/४ झूम लेन्स, १६ मिमी प्राइम (झूम नसलेली रुंद लेन्स) आणि फोन. आत ट्रायपॉड चालणार नाही असं धरून चालले आहे.

प्रश्न:
१. कुठली इमारत कुठल्या वेळी?
२. पांढऱ्या भिंती राखाडी येतात आणि खिडक्या जळतात (फोटोत निव्वळ पांढऱ्या होतात). फ्लॅश न वापरता काय करायचं?
३. गोल दगडी गोठा आतून एका चौकटीत बसतो का?

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: शेकर हा एक ख्रिस्ती पंथ. मँचेस्टरची ॲन ली १७७४ साली मोजक्या अनुयायांसह अमेरिकेत आली. ब्रह्मचर्य, सगळी मालमत्ता सामाईक, स्त्री-पुरुषांना समान मान पण दारं आणि जिने वेगळे. हँकॉकची वस्ती १९६० मध्ये संपली आणि तिचं संग्रहालय झालं.

बर्कशायरकर
उजेडाचं आधी. ऑक्टोबरच्या मध्याला तिथे सूर्य सातनंतर उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो. दारं उघडेपर्यंत सकाळचा सोनेरी उजेड संपलेला असतो, तेव्हा त्याचा नाद सोडा. पण घाबरू नका. भरदुपारी, म्हणजे घड्याळात पाऊण वाजण्याच्या सुमारास, सूर्य जेमतेम ३९ अंशांवर असतो (जूनमध्ये तोच ७१ वर). म्हणजे दिवसभर लांब सावल्या मिळतात. उघडण्या-मिटण्याच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, निघण्याआधी बघून घ्या.

आतल्या खोल्यांचा नियम सोपा आहे. जमिनीवर उन्हाचा पट्टा पडलेली खोली टाळायची. सकाळी पश्चिमेकडच्या खोल्या, दुपारनंतर पूर्वेकडच्या, उत्तरेच्या कधीही. फोनमधलं होकायंत्र काढून एकदा बघितलं की पुरे.

ढगाळ दिवस मिळाला तर नशीब समजा आणि आधी आतली कामं उरका. स्वच्छ उन्हात खोली आणि बाहेर यांत सात-आठ स्टॉपचा फरक असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). ढग आले की तो चार-पाचावर येतो.

बाहेरून गोठा घ्यायचा तर सूर्य पाठीशी नको. ती गोल भिंत आहे. ऊन समोरून पडलं की ती सपाट पत्र्यासारखी दिसते. सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याच्या रेषेत घ्या, म्हणजे उजेड एका कडेकडून सावलीत सरकत जातो, दगडांचे सांधे उठून दिसतात आणि गोलाई कळते. चौकोनी इमारतीला ऊन भिंतीवर यायची वाट बघावी लागते. इथे नाही. सूर्य वर आहे तोवर गोलाच्या कुठल्या तरी बाजूला ऊन-सावलीची सीमा असतेच, आपणच चालत तिथपर्यंत जायचं.

रॉ_बाजीराव
प्रश्न दोन.

भिंती राखाडी येतात कारण मीटर समोरच्या सगळ्याला मधला राखाडी समजतो. चौकटीत खिडकी नसेल आणि भिंतच जास्त असेल तर एक्स्पोजर +१ ते +१⅓ स्टॉप वाढवून द्या. चौकटीत खिडकी आली की मीटर उलट्या बाजूने फसतो आणि खोली काळी करतो. म्हणून मॅन्युअल. खिडकी वगळून भिंतीवर मोजा, एक्स्पोजर तिथेच कुलूपबंद करा, मग चौकट लावा.

आकडे: खिडकीच्या उजेडातली शेकर खोली साधारण आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/५.६ (लेन्सचं छिद्र), १/४ सेकंद एवढी असते. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर १६ मिमीवर १/४ हातात निघतं. कोपरे बरगड्यांना टेकवा, अर्धा श्वास सोडा, बर्स्टवर तीन-चार घ्या आणि घरी सगळ्यांत धारदार तो ठेवा. हात थरथरत असेल तर आयएसओ ८०० आणि १/३०. आयएसओ जितका कमी तितकी सावल्या उचलायला जागा जास्त, त्यामुळे शंभरावर जमत असेल तर शंभरच.

खिडकी जळू द्या. बाहेरचं झाड दिसलंच पाहिजे असा हट्ट कशाला? फक्त तावदानांमधल्या लाकडी पट्ट्या शाबूत राहायला हव्यात. त्या पट्ट्या उजेडात विरघळल्या की खिडकी म्हणजे भिंतीला पडलेलं भोक वाटतं. त्यासाठी खोलीच्या मोजमापापेक्षा दीड स्टॉप कमी घ्या आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) सावल्या उचला, म्हणजे उजळ करा.

कंदील
बाजीराव, इथे मतभेद. दीड स्टॉप कमी घेऊन पट्ट्या वाचतात, पण बाहेरचा गोठा आतून खिडकीत दिसतोय अशी चौकट मिळाली तर तो जाळणार का? ब्रॅकेटिंग लावा, म्हणजे तीच चौकट वेगवेगळ्या एक्स्पोजरने घ्या आणि नंतर जोडा: पाच चौकटी, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने. एकूण आठ स्टॉपचा पल्ला होतो, उन्हातला फरकही त्यात बसतो. हातात धरून करायचं तर सर्वांत लांब चौकट १/४ च्या पुढे जाणार नाही असा आयएसओ निवडा, नाहीतर एकच चौकट हलते आणि जुळवताना भिंतीवरच्या लाकडी खुंट्यांना दुहेरी कडा येतात.

रॉ_बाजीराव
ब्रॅकेट करायला ना नाही. पण नंतर तो एचडीआरचा (चौकटी जोडून उजेड-सावली सारखी करण्याचा) स्लायडर! खिडकीबाहेरचं ऊन आणि आतली भिंत एकाच उजळपणाची केली की खोलीत उजेड कुठून येतोय तेच कळत नाही. खिडकी खोलीपेक्षा निदान दोन स्टॉप उजळ राहिली पाहिजे.

कंदील
दोन स्टॉप मान्य. स्वयंचलित एचडीआर मी पण वापरत नाही. खोलीची चौकट खाली, खिडकीची वर, आणि मऊ ब्रशने फक्त तावदानं उघडायची, ६०-७० टक्क्यांवर थांबायचं. पूर्ण उघडलं तर खिडकीत कॅलेंडर चिकटवल्यासारखं दिसतं.

तिपाई
उजेडावर एवढं झालं, पण शेकर खोलीचा फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा तिरक्या रेषांनी. तिथे लपायला काही नसतं. ना पडदे, ना नक्षी. भिंतभर फिरणारी खुंट्यांची पट्टी, दारं, खण. कॅमेरा अर्धा अंश कलला तरी ती पट्टी चुगली करते.

ही पट्टी जमिनीपासून साधारण सहा फुटांवर असते आणि बऱ्याच खोल्यांत चारही भिंतींवरून जाते. तिचा उपयोग करून घ्या. कॅमेरा बरोबर पट्टीच्या उंचीवर धरला तर समोरच्या आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवरची पट्टी मिळून एकच आडवी सरळ रेष होते, कारण डोळ्याच्या पातळीतल्या आडव्या रेषा कधीच चढत-उतरत नाहीत. एकदा करून बघायला छान, पण जमीन फार दिसते आणि खोली ठेंगणी वाटते. कॅमेरा खाली आणला की बाजूच्या भिंतींवरची पट्टी मागच्या भिंतीकडे उतरत जाते आणि नजर आत ओढली जाते. मला चार ते साडेचार फूट योग्य वाटतं. टेबलाचा पृष्ठभाग थोडा दिसतो, पट्टीचा उतार सौम्य राहतो. डोळ्याला लावून उभ्याने काढलेला फोटो या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लटकतो, म्हणून स्क्रीन उघडून छातीजवळ धरा.

मग क्रम असा: कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक पातळी चालू, दोन्ही अक्ष हिरवे. समोरच्या भिंतीशी समांतर आहात का ते पट्टीवरून बघायचं. ती ग्रिडच्या आडव्या रेषेला चिकटून जाते का? डावीकडे बारीक होत असेल तर डावी बाजू दूर आहे. कॅमेरा नुसता फिरवून एक कड नीट होते पण मधला भाग सरकतो, म्हणून पायांनी सरका. घरी आधी लेन्स प्रोफाइल लावा, नंतर उभ्या रेषांची दुरुस्ती. उलट केलं तर लेन्सचा फुगवटा ताणून पक्का होतो. २४-७० च्या २४ ला फुगवटा असतोच, आणि खुंट्यांच्या पट्टीवर तो लगेच दिसतो.

बाहेरून उंच इमारत घेताना कॅमेरा वर उचलू नका. १६ मिमी उभी धरा, समपातळीत, आणि खालचं गवत नंतर कापून टाका. टिल्ट-शिफ्ट लेन्स हेच काम पिक्सेल न गमावता करते. एका दिवसासाठी ती भाड्याने घ्यायचीच असेल तर २४ ची घ्या, १७ ची घेतलीत तर आकाशच जास्त येईल.

गुळवेल
उत्तम माहिती, तिपाई. अवांतर: खुंटी दिसली की आपला हात पिशवी अडकवायला जातो, वाड्यातली सवय. तिथे नको! बऱ्याच खुंट्या मूळच्या आहेत, लेथवर कातलेल्या. टांगलेल्या खुर्च्याही सरळ करायच्या नाहीत. बैठकीवर धूळ बसू नये म्हणून शेकर त्या उलट्याच टांगत.

रंगांबद्दल. विटांच्या निवासाची इमारत १८३० ची. तिच्यात भिंतीत बसवलेली कपाटं आणि खण: बांधणाऱ्यांच्या नोंदीत कपाटांची २४५ दारं आणि ३६९ खण मोजलेले आहेत. त्यांचा पिवळट गेरूचा रंग आणि तसलीच जमीन यांवरून उजेड उसळतो आणि पांढऱ्या छताला पिवळी झाक देतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर कॅमेरा ती झाक मारायला जातो आणि खण फिके पडतात. ग्रे कार्ड खिडकीच्या उजेडात धरून एक चौकट घ्या, त्यावरून सगळ्या खोलीच्या फाइली बसवा. छताची पिवळी झाक राहू द्या, ती खरी आहे. खोलीत विजेचा दिवा चालू असेल तर तो चौकटीबाहेर राहील अशी जागा शोधा. खिडकीचा निळा आणि दिव्याचा नारिंगी एकाच भिंतीवर आले की कुठलंच सेटिंग लागू पडत नाही. फारच नडलं तर तो फोटो कृष्णधवल.

रॉ_बाजीराव
कृष्णधवल ही पळवाट नको हो. शेकर म्हणजे करडे-पांढरे लोक हा समज जुन्या कृष्णधवल फोटोंनीच घट्ट केला. विल्यम विंटरने १९२०-३० च्या दशकांत काढलेले फोटो अप्रतिम आहेत, पण रंग त्यांत नाहीत. प्रत्यक्षात प्रार्थनाघराच्या आतलं लाकूडकाम गडद निळं असायचं. मेन राज्यातल्या सॅबथडे लेक या शेकर वस्तीच्या १७९४ च्या प्रार्थनाघरात तो मूळ निळा अजून आहे. कोठारं लाल, कामाच्या इमारती पिवळ्या. रंग टाकून द्यायचा असेल तर तो विचार करून टाका.

झरोका
गोठ्याबद्दल कोणी सांगेल का? तिसरा प्रश्न तसाच राहिला.

बर्कशायरकर
घ्या. बांधला १८२६ ला, १८६४ मध्ये आतलं लाकूड जळालं, पुन्हा उभारला, आणि वरची खिडक्यांची पांढरी लाकडी कड १८७० च्या दशकात चढवली. व्यास सुमारे ९० फूट. रचना कळली की चौकट आपोआप सुचते. वैरणीच्या गाड्या वरच्या मजल्यावर येत, गोल फिरत, गवत मधल्या गंजीत लोटत आणि न वळता त्याच दाराने बाहेर पडत. त्याखाली ५२ गाई मध्याकडे तोंड करून दावणीला. सर्वांत खाली शेणाचा मजला. म्हणजे सगळं मध्याकडे बघतं. तुमचा कॅमेरापण तिकडेच बघू दे.

बसतो का? १६ मिमी आडवी धरली तर रुंदीचा कोन ९७ अंश, पण वर फक्त ३७ अंश दिसतं आणि छप्पर कापलं जातं. उभी धरा. समपातळीत ठेवूनही वर साडेअठ्ठेचाळीस अंश मिळतात. मध्यापासून ४० फुटांवर, म्हणजे जवळजवळ भिंतीला टेकून उभं राहिलात तर मध्यावर तुमच्या डोळ्यांच्या वर ४५ फुटांपर्यंतचं येतं. २४ मिमीवर तेच ३० फूट. रुंदी हवी असेल तर अशा उभ्या चौकटी ४० टक्के एकमेकींवर चढवून जोडा. पण जवळचा खांब चौकटीत असेल तर कॅमेरा शरीराभोवती फिरवू नका. लेन्स जागेवर ठेवून तुम्ही तिच्याभोवती फिरा, नाहीतर खांब जोडावर तुटतो.

दुसरी चौकट मध्याशी जाऊन सरळ वर. उभ्या रेषांची कटकट नाही, सगळी तुळई चाकाच्या आऱ्यांसारखी दिसते. फोकस तुळयांवर, एफ/८. वरच्या कडेच्या खिडक्या इथे हमखास जळतात, ब्रॅकेट इथेच खरं कामाला येतं (कंदील, खूश?). उजेड कमी: आयएसओ ३२००, एफ/८, १/१० च्या आसपास.

कंदील
खूश.

शटरगती
आमच्याकडे फक्त फोन आहे. काही उपयोग?

तिपाई
बराच. ०.५ वाली लेन्स साधारण १३-१४ मिमीइतकी रुंद, पण सेन्सर छोटा आणि कडा ताणते. माणूस कडेला नको. खोलीत शक्यतो १एक्सवर राहा आणि दारात मागे सरका. ग्रिड आणि पातळी सेटिंगमधून चालू करा. भिंतीवर बोट दाबून ठेवून एक्स्पोजर लॉक, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढून थोडं कमी करा. फोन आपणहून एचडीआर करतो आणि सावल्या आधीच उचललेल्या असतात, वरून आणखी उचलू नका. फोनमध्ये रॉ असेल तर तो चालू.

गोठ्यात सरळ वर काढायचं तर फोन जमिनीवर पालथा, मागचा कॅमेरा वर, टायमर दहा सेकंद, आणि बाजूला व्हा. स्क्रीन खाली जाते म्हणून चौकट अंदाजाने. दोन-तीनदा सरकवून घ्या. खाली रुमाल घाला, खडा लागला तर स्क्रीनला ओरखडा ठरलेला. लोकांच्या पायांत येणार नाही एवढं बघा.

गुळवेल
वस्तूंचे जवळचे फोटो कोणी काढणार असेल तर अंडाकृती डबे. कड मेपलची, तळ-झाकण पाइनचं. कड वळवून जिथे जोडतात तिथे लाकडाच्या लांबट बोटांसारख्या जिभा असतात आणि त्यांवर तांब्याच्या छोट्या चुका. लोखंडाच्या असत्या तर गंजून लाकडावर काळे डाग पडले असते. फोटोत हीच जागा पकडायची. उजेड बाजूने घासून यायला हवा, म्हणजे जिभेच्या कडेची सावली पडते आणि तिचा निमुळता उतार दिसतो. समोरून आलेला उजेड सगळं सपाट करतो. ९० ते १०५ ची मॅक्रो असेल तर एफ/११, नाहीतर पुढची जीभ स्पष्ट आणि मागची कड लोण्यासारखी.

काचेच्या पेटीत असेल तर रबरी हूड काचेला टेकवा (आधी विचारून) आणि अंगात काळा शर्ट. पांढरा टीशर्ट घालून गेलात तर प्रत्येक काचेत तुम्हीच दिसाल. पोलरायझर काचेशी तीसेक अंशांच्या तिरक्या कोनातून चालतो, अगदी समोरून काही करत नाही.

बर्कशायरकर
आणखी एक विषय राहतोय: उसना उजेड. शेकर आतल्या भिंतींतही खिडक्या ठेवत, म्हणजे बाहेरच्या खोलीतला उजेड जिन्याला किंवा आतल्या खोलीला मिळावा. अशी खिडकी दिसली तर अंधाऱ्या बाजूला उभे राहा आणि तावदानातून पलीकडची उजळ खोली घ्या. चौकटीत चौकट मिळते, आणि दोन्ही खोल्यांतला फरक तीन-चार स्टॉपच असल्यामुळे एका रॉमध्ये निभतं.

शटरगती
केंटकीचं प्लेझंट हिल कसं आहे? लेक्सिंग्टनला मुलीकडे जाणं होईल. तिथून जवळ आहे ना?

तिपाई
नैर्ऋत्येला २५ मैलांच्या आसपास, हॅरड्सबर्गकडे. हँकॉकपेक्षा फोटोसाठी एक मोठा फायदा: जुन्या इमारतींतच मुक्कामाच्या खोल्या आहेत. म्हणजे पहाट आणि तिन्हीसांज दोन्ही तुमची. सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांनी आकाश गडद निळं आणि खिडक्यांत दिवे, तेव्हा चुनखडीच्या दगडाची मुख्य निवासाची इमारत काढा (बांधकाम १८२४ ते १८३४). आकाश आणि दिवे बरोबरीला येण्याची वेळ दहाच मिनिटांची असते. तोवर ट्रायपॉड लावून बसलेलं बरं.

बाकी सगळे तिथे जातात ते ट्रस्टीज ऑफिसच्या (वस्तीच्या कचेरीच्या) जुळ्या गोल जिन्यांसाठी. मिकाजा बर्नेट या शेकर कारागिराचं काम, तीन मजले, दोन जिने एकमेकांचे आरसे. चौकट दोन प्रकारे. खालून, दोन जिन्यांच्या बरोबर मध्ये: कॅमेरा समपातळीत, दोन्ही कठड्यांची पहिली वळणं कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का बघा. दुसरी, एका जिन्याच्या पोटाखाली, कॅमेरा जमिनीवर पाठीवर ठेवून वर. १६ मिमी, एफ/८, दोन सेकंदाचा टायमर. वरून येणारा उजेड आणि खालच्या पायऱ्यांची पोटं यांत चार-पाच स्टॉपचा फरक पडतो. कठड्याची गडद रेष हाच फोटो आहे, ती पांढऱ्यावर तुटता कामा नये, म्हणून उजळ बाजू सांभाळून एक्स्पोजर. त्याच इमारतीत जेवणघर आहे, तेव्हा न्याहारीच्या आधी जा.

झरोका
परवानगीचं?

रॉ_बाजीराव
स्वतःच्या हौसेला हातातला कॅमेरा बहुतेक ठिकाणी चालतो. ट्रायपॉड, कपडे-मॉडेल, लग्नाआधीचे फोटो, विकायचे फोटो, यांसाठी आधी ईमेल करून लेखी परवानगी, बहुधा शुल्कही. ड्रोन त्या जागेची परवानगी असल्याशिवाय नाहीच. हौशी वापराला विमान प्रशासनाची मोफत ऑनलाइन चाचणी द्यावी लागते, आणि २५० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर नोंदणी. शिवाय हँकॉकला जनावरं आहेत, ती बुजतात.

सॅबथडे लेक मात्र वेगळं. तिथे आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शेकर राहतात. ते त्यांचं घर आहे. खिडकीतून आत लेन्स रोखायची नाही, प्रार्थनेत कॅमेरा काढायचा नाही, माणसाचा फोटो विचारल्याशिवाय नाही. कॅमेऱ्याचं त्यांना वावडं होतं असं मात्र समजू नका. तिथलेच ब्रदर डेल्मर विल्सन स्वतः फोटो काढत.

कंदील
जाण्याआधी काँग्रेस ग्रंथालयाच्या साइटवर ऐतिहासिक इमारतींच्या सर्वेक्षणाचे फोटो आणि मोजमापांचे नकाशे बघून घ्या, हँकॉकचेही आहेत आणि कोणालाही वापरता येतात. दारं-खिडक्या कुठे आहेत ते कळतं, जागेवरचा वेळ वाचतो. आणि ते जवळजवळ सगळे समपातळीत काढलेले आहेत. तिपाईंचं म्हणणं डोळ्यांनी दिसेल.

झरोका
शेवटचं. आडव्या फळ्यांच्या पांढऱ्या भिंती फोटो लहान केल्यावर लाटालाटांनी चमकतात. लेन्सचा दोष?

तिपाई
नाही. फळीची रेष आणि पिक्सेलची ओळ जवळजवळ सारख्या अंतरावर आल्या की अशी लाट उठते, तिला मोआरे म्हणतात. खुर्च्यांच्या विणलेल्या पट्ट्यांच्या बैठकीवरही उठते. पूर्ण आकारात १०० टक्क्यांवर बघा. तिथे नसेल तर दोष लहान करताना आलाय: शार्पनिंग बंद करून आधी लहान करा, मग अगदी हलकं शार्पनिंग. पूर्ण आकारातच असेल तर घेतानाच चूक आहे. दोन पावलं पुढे किंवा मागे होऊन पुन्हा घ्या, किंवा एफ/१६ वर जा. थोडी धार मरते, लाटही मरते. तिथे असतानाच स्क्रीनवर मोठं करून बघा. घरी आल्यावर मोआरे ब्रशने फक्त रंगीत लाट जाते, काळी-पांढरी तशीच राहते.